लागला की हुकला? हल्ल्याच्या फाशांचा निकाल पडद्यावर नीट कसा दाखवायचा

आमची टोळी दर रविवारी डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकून गोष्ट पुढे नेण्याचा खेळ खेळते. मेगाब्लॉक असला की दोघं तरी घरूनच, पडद्यावर खेळतात. एखादा लोकलमध्ये असतो, दारापाशी उभा, एका हातात दांडी आणि दुसऱ्या हातात मोबाइल. अशाच एका रविवारी माझ्या मावसबहिणीच्या योद्धीनं हॉबगॉब्लिनवर तलवार चालवली आणि पडद्यावर एक राखाडी ओळ उमटली: १२, १७, ८, २०. चारही आकडे एकाच मापाचे, एकाच रंगाचे. डोंबिवलीचा गडी ओरडला, "सतरा नि आठ पंचवीस, लागला!" बहीण म्हणाली, "अरे नाही, वीसच." डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा आणि शत्रूंना खेळवणारा, मी. हॉबगॉब्लिनचं कवच, म्हणजे वार लागायला फासा आणि भर मिळून गाठायचा आकडा, १८, पण तो दगडाआड होता म्हणून २०. मग बरोबरी झाली तर वार लागतो का, यावर वेगळी चर्चा. ती संपेपर्यंत चहा गार झाला.

त्या ओळीत गणिताची एकही चूक नव्हती. ते गणित कुणाला वाचता आलं नाही, एवढंच. त्या आठवड्यात मी निकालाचं कार्ड, म्हणजे फासा पडल्यावर पडद्यावर येणारी चौकट, पहिल्यापासून लिहायला घेतलं आणि पुढचे कित्येक रविवार ते दुरुस्त करत राहिलो. असे खेळ पडद्यावर खेळायच्या रोल-ट्वेंटी या सॉफ्टवेअरमध्ये टेम्प्लेट लिहिणाऱ्यांना, तशाच फाउंड्रीत मॉड्यूल करणाऱ्यांना किंवा आपल्या टोळीपुरतं एखादं वेबपान बनवणाऱ्यांना त्यातून थोडं आयतं मिळावं म्हणून हे लिहितो आहे. नियम मुख्यतः डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे धरले आहेत. पाथफाइंडर या त्याच जातकुळीच्या खेळाची दुसरी आवृत्ती जिथं वेगळी वागते तिथं तसं सांगेन.

आधी कोड नको, वही घ्या

एक अख्खा डाव कार्डाला हात न लावता नुसतं ऐका. फासा पडल्यावर कोण काय विचारतं ते वहीत शब्दशः लिहा. माझ्या वहीत निघालं ते असं: "लागला का?" मग पुन्हा "लागला का?" मग "कुणाला मारलंस, डावीकडच्याला का?", "ब्लेस धरलंस का?" (ब्लेस म्हणजे बेरजेत डी-४ ची, चार बाजूंच्या फाशाची, भर घालणारा मंत्र), "हे सतरा कुठून आलं?" एकूण बेरीज किती, हे आपणहून फारसं कुणी विचारत नाही. बेरीज विचारतो तो डीएम, कारण कवचाचा आकडा त्याच्याकडे असतो. सॉफ्टवेअरला कवच ठाऊक असेल तर त्यालाही विचारायची गरज उरत नाही.

यातून कार्डाचा क्रम आपोआप ठरतो. कुणी कुणावर वार केला, लागला की हुकला, एकूण किती, आणि शेवटी ती बेरीज कशी झाली. बहुतेक कार्डं नेमकी उलटी असतात, कारण प्रोग्राम त्याच क्रमानं हिशेब करतो: आधी फासा, मग अधिक-उणे, मग बेरीज. आतला हिशेब तसाच राहू द्या. कार्डावर मात्र निकाल वर आणा.

तोच वार, नव्या कार्डावर

योद्धी पाचव्या पातळीची. ताकदीचे ४, प्रावीण्याचे ३, जादुई तलवारीचा १, मिळून ८. हॉबगॉब्लिन अर्ध्या आडोशाला, म्हणजे कवचावर २ जास्त. योद्धीच्या अंगात विष भिनलेलं, म्हणून दोन फासे टाकून लहान घ्यायचा. आता कार्ड असं दिसतं:

योद्धी → हॉबगॉब्लिन (डावीकडचा), लांब तलवार
✔ लागला
एकूण २०, हवे होते २०
फासा १२ (दोनातला लहान, सोडलेला १७)
+४ ताकद, +३ प्रावीण्य, +१ जादुई तलवार
कवच १८ + आडोसा २

दुसरी ओळ बाकीच्या ओळींच्या दुप्पट मापाची. "हवे होते २०" हे शब्द मुद्दाम घातले. पाचव्या आवृत्तीत बेरीज कवचाइतकी झाली तरी वार लागतो, आणि हे दर दोन-तीन डावांनी कुणीतरी विसरतंच. "२० विरुद्ध २०" लिहिलंत की वाद पेटतो. "हवे होते २०" लिहिलंत की तो पेटत नाही.

जाता जाता एक जुनी गोष्ट. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत कवच जितकं कमी तितकं चांगलं असायचं, आणि फाशावर किती पडायला हवं ते काढायला ठरलेल्या एका आकड्यातून कवच वजा करावं लागे. कवच उणे असलं की वजाबाकीची बेरीज व्हायची. २००० साली तिसऱ्या आवृत्तीनं हे उलटवलं आणि सगळं सरळ बेरजेवर आणलं. नियम लिहिणाऱ्यांनी आपल्या डोक्याचा एवढा विचार केला, तर कार्ड लिहिणाऱ्यानंही थोडा करावा.

प्रत्येक आकड्याला नाव

वरच्या कार्डात नाव नसलेला एकही आकडा नाही. हे सगळ्यात सोपं काम आहे आणि सगळ्यात जास्त टाळलं जातं. रोल-ट्वेंटी आणि फाउंड्री, दोन्हींत फाशाच्या सूत्रात आकड्यापुढे चौकटी कंसात शब्द लिहिता येतो, तो तपशिलात दिसतो. नुसतं "+८" लिहून मोकळे होऊ नका, ४, ३ आणि १ वेगळे लिहा. ब्लेसचा डी-४ विसरला की तो कार्डावर नसल्याचं लगेच लक्षात येतं. नुसत्या आठात कुणालाच कळत नाही.

हा तपशील माउस आकड्यावर नेल्यावर उघडणाऱ्या चौकटीत लपवायची पद्धत आहे. लॅपटॉपवर ठीक. मोबाइलवर माउस नाही, आणि लोकलमधल्या गड्याचा दुसरा हात दांडीला आहे. म्हणून बोट लावल्यावर उघडेल असं करा, किंवा माझ्यासारखं सरळ उघडंच ठेवा, लहान अक्षरात. जागा लागते, लागू द्या.

शब्दांचंही थोडं. टेबलावर आम्ही "ॲडव्हान्टेज", "डिसॲडव्हान्टेज"च म्हणतो. मराठीत "फायदा" नि "तोटा" करून पाहिलं, पण ते दुकानाच्या हिशेबासारखं वाटलं. कार्डावर मी "दोनातला मोठा" आणि "दोनातला लहान" लिहितो, काय केलं ते त्या शब्दांतच येतं. क्रिटिकलला, म्हणजे फाशावर २० पडून जास्त घाव करणाऱ्या वाराला, "वर्मी लागला". हा शब्द आपल्याकडे आयता पडलेला असताना दुसरा शोधायचा कशाला? एसीला, म्हणजे आर्मर क्लासला, "कवच". मुंबईत एसी म्हटलं की माणसाच्या डोळ्यांपुढे आधी लोकल येते.

दोन फासे पडतात तेव्हा

सोडलेला फासा पुसून टाकू नका. तो फिका करा, त्यावर आडवी रेघ मारा, पण ठेवा. एक तर माणसाला तो बघायचाच असतो. लहान घ्यायच्या वेळी एका फाशावर २० पडून वाया गेला, तर ते दुःख चारचौघांत व्हायला हवं. लहान घ्यायचा असताना वीसच हाती यायला दोन्ही फाशांवर वीस पडावे लागतात, म्हणजे ४०० त एकदा. दुसरं म्हणजे, सोडलेला फासा दिसला नाही तर सॉफ्टवेअरनं दोन टाकले की एकच, हे कुणाला कळणार?

जो धरला तो कायम पहिला लिहा. आमच्या त्या राखाडी ओळीत १२ आधी होता तो योगायोगानं. पुढच्या वारात तो नंतर आला असता.

आणखी एक कोपरा. मोठा घ्यायचं कारण आणि लहान घ्यायचं कारण एकाच वेळी असलं तर पाचव्या आवृत्तीत दोन्ही कटतात. एका बाजूला तीन कारणं आणि दुसरीकडे एकच असलं तरी कटतात, आणि फासा एकच पडतो. कार्डावर तेव्हा नुसता एक फासा दिसला की खेळाडू म्हणणार, "अरे, मी लपलो होतो ना, माझे दोन कुठे गेले?" म्हणून लिहा: "एकच फासा. लपून वार ✕ अंगात विष." दोन शब्दांचं काम, पाच मिनिटांचा वाद वाचतो.

वीस आणि वीस

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो, म्हणून जरा रेंगाळतो.

फाशावर पडलेले २० आणि बेरजेचे २० यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. वरच्या उदाहरणात बेरीज २० आहे, पण तो वर्मी वार नाही. एका सॉफ्टवेअरमध्ये आम्हाला असं भेटलं की कुठल्याही फाशावर सगळ्यात मोठा आकडा पडला की अख्खी बेरीज हिरवी व्हायची. ब्लेसच्या डी-४ वर ४ पडले, हिरवं. डोंबिवलीच्या गड्यानं दोनदा टाळ्या वाजवल्या, दोन्ही वेळा वार हुकला होता. तेव्हापासून माझा नियम असा: सणासुदीचा रंग फक्त धरलेल्या डी-२० ला, बाकी कुणालाही नाही. सोडलेल्या वीसलाही नाही.

वर्मी वाराची हद्द कोडात २० अशी गोठवू नका. चॅम्पियन प्रकारच्या योद्ध्याला तिसऱ्या पातळीपासून १९ वरही वर्मी वार मिळतो. हद्द पात्राच्या पत्रकातून घ्या, आणि ती २० पेक्षा वेगळी असेल तर कार्डावर कारण लिहा, नाहीतर १९ ला "वर्मी" बघून कुणीतरी बग आला म्हणून कळवेल.

फाशावर १ असेल तर पाचव्या आवृत्तीत बेरीज कितीही होवो, वार हुकतो. २० असेल तर कवच कितीही असो, लागतो. या दोन वेळी "हवे होते" ची ओळ गाळा आणि "फाशावर १, हुकलाच" असं लिहा. १ + ११ = १२, कवच ११, तरी हुकला, असं सगळं सांगत बसलात तर वाचणाऱ्याला गणित चुकल्यासारखं वाटतं.

पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीत मात्र निकाल चार आहेत. कवच १८ असेल तर २८ किंवा वर वर्मी, १८ ते २७ लागला, ९ ते १७ हुकला, ८ किंवा खाली साफ फसला. फाशावरचे २० निकाल एक पायरी वर नेतात, १ एक पायरी खाली. म्हणजे तिथं २० पडूनही वार हुकू शकतो! अशा वेळी कार्डावर पायरी बदललेली दिसायला हवी: "साफ फसला → हुकला (फाशावर २०)". शिवाय आपल्या एकाच पाळीतल्या दुसऱ्या वाराला उणे ५ आणि तिसऱ्याला उणे १० येतात, चपळ हत्याराला ४ आणि ८. वार कितवा ते कार्डाच्या पहिल्या ओळीतच टाका. हे उणे विसरणं हा त्या खेळातला राष्ट्रीय छंद आहे.

घावाचंही इथेच उरकतो. पाचव्या आवृत्तीत वर्मी वाराला फासे दुप्पट होतात, वरची भर नाही. १ डी-८ + ५ चे २ डी-८ + ५. कार्डावर "६ + ३ + ५ = १४" असं सुटं दाखवा. नुसते १४ दाखवले की कुणीतरी आधीच्या बेरजेची दुप्पट करून बघतं आणि भांडायला येतं.

कुणाला काय दिसावं

वर दिलेलं कार्ड डीएमच्या पडद्याचं आहे. खेळाडूंना मी "लागला" दाखवतो, फासा आणि त्यांच्या बाजूची बेरीज दाखवतो. कवचाची ओळ नाही, "हवे होते" ही नाही. बरोबरीचा निकाल तेवढा अपवाद, तिथे "काठावर लागला" असं येतं. १७ ला हुकला आणि १९ ला लागला यावरून ते कवच ओळखतातच, आणि ओळखू द्यावं. त्या ओळखण्यात मजा आहे.

फाउंड्रीत फासा सगळ्यांना, फक्त डीएमला आणि टाकणाऱ्याला, फक्त डीएमला, किंवा फक्त स्वतःला दिसेल असे चार प्रकार आहेत. स्वतःचं काही लिहीत असाल तर हेच चार घ्या, पाचवा शोधू नका.

एक गोष्ट मात्र कडक पाळा. लपवायचा आकडा खेळाडूच्या ब्राउझरकडे पाठवूच नका. तिकडे पाठवून सीएसएसनं, म्हणजे पानाच्या सजावटीच्या कोडानं, झाकला, तर ब्राउझरचं तपासणीचं पॅनेल उघडणाऱ्याला तो दिसतो. आणि आमच्या टोळीत निम्मी जनता दिवसा तेच काम करते.

न दिसणाऱ्या शत्रूवर अंदाजानं वार करतात तेव्हा तर जास्तच जपायचं. शत्रू त्या चौकोनात नसेल तर वार हुकतोच, पण पाचव्या आवृत्तीत डीएमनं सहसा नुसतं "हुकला" म्हणायचं असतं, जागा बरोबर ओळखली होती की नाही ते सांगायचं नसतं. कार्डानं पहिल्या ओळीत "→ हॉबगॉब्लिन" छापलं की सगळं फुटलं. तिथे "→ त्या चौकोनात कुणीतरी" असं यायला हवं, शत्रू तिथं असो वा नसो.

"थांब, थांब, माझी ढाल!"

शील्ड हा मंत्र वार लागल्यावर टाकायचा असतो आणि तो कवच ५ नं वाढवतो, त्या लागलेल्या वारासाठीसुद्धा. म्हणजे "लागला" हा निकाल पक्का नसतो. कार्ड आलं आणि त्याच क्षणी प्राण वजा झाले, तर ते परत भरायला डीएम बसतो. म्हणून घाव आपोआप वजा करू नका, "घाव चढवा" असं बटण डीएमच्या कार्डावर ठेवा.

ढाल आली तर नवं कार्ड टाकण्याऐवजी जुनंच बदला: "लागला" वर रेघ, खाली "हुकला (ढाल मंत्र, कवच +५)". नवं कार्ड टाकलंत तर वर सरकून वाचणाऱ्याला एकाच वाराचे दोन निकाल दिसतात. लोकलमध्ये रेंज जाऊन परत आलेला माणूस नेमका तसाच वाचतो.

रंग, अक्षर, देवनागरी

हिरवं म्हणजे लागला आणि लाल म्हणजे हुकला, एवढ्यावर थांबू नका. लाल-हिरव्यातला फरक न दिसणारे पुरुष बायकांपेक्षा कितीतरी जास्त असतात, आणि अशा टेबलांवर पुरुषांची गर्दी असतेच. शब्द हवा, खूण हवी, रंग तिसरा. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला फरक निदान ४.५ ला १ असा ठेवा, वेबच्या सुगम्यतेचे नियम साध्या मापाच्या अक्षराला तेवढा मागतात. माझी ती राखाडी ओळ यात कुठेच बसत नव्हती.

देवनागरीचे खास त्रास आहेत आणि ते इंग्रजी पडद्यावर घडवलेल्या टेम्प्लेटमध्ये हमखास होतात. ओळीची उंची आवळलेली असली तर "वर्मी" चा रफार आणि वेलांटी वरून कापली जाते, "हुकला" चा उकार खालून. ओळीची उंची अक्षराच्या दीडपट तरी ठेवा. मथळ्याला अक्षरांमधलं अंतर वाढवायची फॅशन आहे; मराठीत त्यानं शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. ते अंतर शून्य करा. तिरपं अक्षर टाळा, ठळक वापरा. टंक म्हणून मी मुंबईच्याच एक टाइपनं केलेला मुक्ता वापरतो; फुकट आहे, मोकळ्या परवान्याचा आहे आणि लहान मापात वाचता येतो.

आकड्यांत एकच भीती: बारीक मापात १ आणि ९ एकमेकांसारखे दिसतात. दुसऱ्या कुठल्या कामात चालून गेलं असतं. इथे १ म्हणजे हुकलाच, आणि ९ म्हणजे बघू. म्हणून फाशाचा आकडा कधी बारीक नको.

जावास्क्रिप्टमध्ये मराठीचा लोकेल (भाषेची निवड) दिला की आकडे आपोआप देवनागरीत येतात. छान आहे, पण ते फक्त दाखवण्यासाठी. कार्डावर छापलेला "१५" परत वाचून त्यात काही मिळवायला गेलात तर जावास्क्रिप्टला तो आकडा वाटतच नाही. खरा आकडा बाजूला जपून ठेवा. यात माझी एक संध्याकाळ गेली आहे.

फासे त्रिमितीत गडगडवत असाल तर ते थांबेपर्यंत कार्ड रोखून धरा. फासा हवेत आणि खाली "हुकला" छापलेलं, याहून वाईट भांडाफोड नाही. ज्यांनी फोनवर हालचाल कमी ठेवली आहे त्यांना गडगडाट न दाखवता थेट निकाल द्या.

सोडण्याआधी

फासा ठरवून पाडता येईल अशी सोय कोडात ठेवा आणि हे वार स्वतः टाकून बघा: बरोबर कवचाइतकी बेरीज, फाशावर १ पण बेरीज कवचापुढे, दोन फाशांत सोडलेला २०, ब्लेसच्या डी-४ वर ४, दोन्ही कारणं कटलेली, ढालीनं उलटलेला निकाल, लक्ष्यच निवडलेलं नाही. शेवटचा सगळे विसरतात. लक्ष्य नसेल तर निकाल देऊ नका, बेरीज मोठ्या अक्षरात द्या आणि "डीएमला विचारा" लिहा. आठ गॉब्लिननी एकदम बाण सोडले तर आठ कार्डं नकोत, एका मथळ्याखाली आठ ओळी आणि वर "३ लागले".

मग मोबाइलचा उजेड अर्ध्यावर आणा आणि हा खेळ कधीच न खेळलेल्या माणसाला कार्ड दाखवा. मी आईला दाखवलं. तिनं चष्मा वर केला, "हॉबगॉब्लिन" या शब्दावर अडखळली, मग म्हणाली, "बाई मारतेय, त्याला लागलं. बरं. मग मेला का तो?"

घाव ११ होता. हॉबगॉब्लिनचे प्राण ११. कार्डावर ते कुठेच नव्हतं. "प्राण उरले ०" ही ओळ त्याच रात्री घातली, फक्त डीएमच्या पडद्यावर.